तारेवर टांगलेली प्लास्टरं

"दोरीच्या आत कुणी यायचं नाही! मागे सरा, मागे!" मुख्याध्यापक भोंग्यातून ओरडले आणि तीनशे माणसं निमूट एक पाऊल मागे सरकली. शाळेत त्यांचं कुणी इतकं ऐकत असेल असं मला वाटत नाही.

सिमेंटचे पाइप बनवणाऱ्या, आता बंद पडलेल्या कारखान्याचं ते मागचं आवार. सगळीकडे बारीक खडी, अधूनमधून फुटके पाइप आणि भोवती तारेचं कुंपण. रविवारची सकाळ होती. कुणाचा हात गळ्यात अडकवलेला, कुणाच्या काखेत कुबड्या, एका आजोबांना तर चौघांनी खुर्चीसकट उचलून आणलेलं. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या होत्या, कारण तिकडून हातवाले येत होते.

हातवाले म्हणजे याच कारखान्याचा पहारेकरी. अकरा वर्षं हा माणूस फाटकाशी स्टुलावर बसला, तेव्हा येणाजाणाऱ्यांपैकी कुणी त्याच्याकडे मान वळवून पाहिलं नाही. कारखान्याला कुलूप लागलं आणि त्याच्या उजव्या हातात गुण उतरला. डाव्या बाहीची बटणं मनगटापर्यंत लावलेली, उजवी बाही कोपराच्या वर दुमडलेली. गुण नेमका कुठल्या हातात आहे याबद्दल कुणाचा घोटाळा होऊ नये म्हणून.

ते दोरी ओलांडून आत गेले आणि चुन्यानं रंगवलेल्या एका दगडाच्या रोखानं सावकाश चालू लागले. पंधराएक पावलं झाली असतील, तोच त्यांच्या पुढ्यात एक पाखरू खडीवर कोसळलं. मुठीएवढं, भुरकं, गळ्यात काळा पट्टा. एक पंख फरफटत होता, शेपूट पसरली होती आणि केविलवाणी चिरचिर चालली होती. बायकांच्या तोंडून "अगं बाई!" निघालं.

मी हाडांच्या दवाखान्यात एकवीस वर्षं प्लास्टर घालतो. मोडलेलं हाड कसं लोंबतं ते मला कळतं. आणि खरं सांगायचं तर तो पंख मलाही मोडलेलाच वाटला.

"ये बाळा!" हातवाल्यांनी उजवा हात पुढे केला. "कुणी मोडलं तुला? कुणी बांधलं तुला? बांधलं की हाड झोपतं! हाड झोपलं की माणूस झोपतो! मोकळं कर! मोकळं कर!"

पाखरू धडपडत पुढे, हातवाले हात पसरून मागे. अशी वरात पन्नासेक पावलं गेली. मग हातवाल्यांनी "ऊठ!" म्हणून हात झटकला आणि पाखरू भुर्रकन उडालं. दोन्ही पंख शाबूत! टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते भोंग्यातून म्हणाले, "पाखराला ना पट्टी, ना प्लास्टर! मुक्या जिवाला जे कळतं ते आपल्याला कधी कळणार?"

त्यानंतर माणसं एकेक करून पुढे आली आणि हातवाले मोठ्या कात्रीनं त्यांची प्लास्टरं कापू लागले. कापलेलं प्लास्टर कुंपणाच्या तारेवर टांगायचं, अशी पद्धत होती. एकतीस प्लास्टरं तिथे लटकत होती. हात, पाय, एक तर लहान मुलाचं. सगळी माझ्या हातची. मी प्रत्येक प्लास्टरवर निळ्या पेन्सिलीनं घातल्याची तारीख लिहितो, त्यामुळे लांबूनही ओळखू आली. कुणी आपल्या घरची कापडं उचलून नेऊन वाळत घालावीत, तसं मला झालं.

माझं डोकं फिरलं. पाखराला दोरा बांधलेला असणार, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं आणि दोरीखालून आत घुसलो. "दोरा आहे! दोरा दाखवतो तुम्हाला!" असं ओरडत मी खडीवर हात फिरवत सुटलो. दोराबिरा काही नव्हता. हाताला खडी तेवढी लागली. तीनशे माणसं पोट धरून हसली आणि हातवाले प्रेमानं म्हणाले, "याचं हाड नाही, याचं मन मोडलंय. यालाही मोकळं करू." हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

त्या गर्दीत माझी ताईही होती. ती हसली नाही, पण तिनं मान खाली घातली. मला त्याचंच जास्त लागलं.

ताई शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनं आणि कापडाच्या फळ्या. तीन आठवड्यांपूर्वी वरच्या फळीवरचा तागा काढताना ती स्टुलावरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. हाड सरकलं होतं. डॉक्टरांनी ते ओढून जागेवर बसवलं आणि प्लास्टर मी घातलं. सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे, हे तिला बजावून सांगितलं होतं. त्या रविवारी संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो, तर ती डाव्या हातानं खडूची रेघ मारायचा प्रयत्न करत होती. रेघ कसली, नुसता नागमोडी रस्ता.

"पुढच्या रविवारी मी प्लास्टर काढून घेणार आहे," ती माझ्याकडे न बघताच म्हणाली.

"ताई, हाड अजून कच्चं आहे. आत्ता मोकळं सोडलंस तर वाकडं बसेल. मग कात्री धरता येणार नाही, सुई धरता येणार नाही."

"आणि आत्ता काय धरता येतंय? समोरच्या चाळीतली सगळी गिऱ्हाइकं दुसरीकडे जायला लागली. आतून खाज सुटते, झोप नाही. तुला काय, तू प्लास्टर थापलंस की सुटलास."

"अगं पण त्या पहारेकऱ्याच्या नादानं…"

"त्याचं सोड," तिनं खडू ठेवला. "माणूस खोटं बोलेल. तोही बोलत असेल. पण पाखरू? पाखरू कशाला खोटं बोलेल रे? त्याचा पंख मोडलेला मी या डोळ्यांनी पाहिला आणि बरा झालेलाही पाहिला. तू पण होतास. सांग मला, काय होतं ते?"

एकवीस वर्षांच्या नोकरीवर पाणी पडल्यासारखं वाटलं. मी नुसताच चिडून बसलो, तिनं केलेला चहासुद्धा घेतला नाही. डाव्या हातानं केला होता बिचारीनं.

दवाखान्यात डॉक्टरांना सांगितलं, तर ते एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणाले, "समजावून सांगा त्यांना." समजावून सांगा! रोज तेच करत होतो. पालथ्या घड्यावर पाणी. त्या आठवड्यात वाकडी बसलेली दोन मनगटं परत आली, आणि दोघंही मला सांगत होते की गुण यायला वेळ लागतो.

गुरुवारी एक बाई लंगडत आल्या. घोटा सुजून टम्म झाला होता. उन्हानं रापलेला चेहरा, खिशात मोजपट्टी. त्या जमिनीची मोजणी करणाऱ्या होत्या. मी पट्टी पाण्यात भिजवत नेहमीप्रमाणे विचारलं, "कुठे पडलात?"

"पाइपांच्या कारखान्याच्या मागे. तिथे आता गोदाम होणार आहे ना, तर पंधरा दिवस मोजणी चाललीय. पाऊल टाकणार तोच पायाखाली अंडी दिसली. ती वाचवायला उडी मारली आणि घोटा गेला."

"खडीत कुठली अंडी?"

"अहो, खडीसारखीच दिसतात! एका छोट्या पाखराची. घरटं नाही काही नाही, दोन खडे इकडेतिकडे सारून तिथेच घालतं. आणि त्या पाखरानं मला तीन दिवस काय चकवलं म्हणून सांगू! मी तिकडे वळले की हे माझ्यापुढे पंख मोडल्याचं सोंग करून लोळणार. मी कळवळून मागे जाणार. लांब नेलं की उडून जाणार. चौथ्या दिवशी माझी ट्यूब पेटली, की ही बया मला कुठून तरी लांब नेतेय."

माझ्या हातातली भिजलेली पट्टी बादलीतच घट्ट होऊन गेली. एकवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"पण कशासाठी?" मी विचारलं.

"उघड्यावर अंडी आहेत. कुत्रं, कोल्हा, मुंगूस, कुणीही येईल. एवढंसं पाखरू, भांडून काय करणार? म्हणून ते स्वतःच सोपी शिकार असल्याचं दाखवतं. शिकारी त्याच्यामागे लागतो, अंड्यांपासून लांब जातो, मग हे उडतं. गंमत म्हणजे गाय आली तर हे सोंग नाही. गाय काही पाखरू खात नाही, तिला लालूच दाखवून काय उपयोग? गाईपुढे ते पंख उभारून ओरडतं, म्हणजे ती बिचकून बाजूला होते. कुणासमोर काय करायचं ते त्याला बरोबर कळतं."

"त्याला शिकवतं कोण?"

"कुणी नाही. ज्या पाखरांना हे सोंग चांगलं जमलं त्यांची पिल्लं जगली, आणि त्या पिल्लांच्या रक्तात ते आलं. ज्यांना जमलं नाही त्यांची अंडी कुत्र्यांनी खाल्ली. किती पिढ्या हे चाललं असेल, त्याची मोजणी माझ्या पट्टीनं होणार नाही."

शनिवारी सकाळी मी एकटाच आवारात गेलो. त्या पांढऱ्या दगडाकडे चालू लागलो, बाही खाली, तोंडात शब्द नाही. पाखरू माझ्या पुढ्यात कोसळलं. मी मागे गेलो, ते उडालं. पुन्हा आलो, पुन्हा कोसळलं. दगडापासून दोन हातांवर चार अंडी होती, टोकं आत करून ठेवलेली. मी तिथे पाऊल न हलवता उभा राहिलो आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी भयंकर राग आला. एकतीस प्लास्टरं! दोरी कशाला होती, दगड कशाला रंगवला होता, सगळं लख्ख दिसत होतं. दोरी असल्यामुळे दुसरं कुणी तिथे चालत नव्हतं, आणि दगडामुळे हातवाल्यांना कुठे चालायचं ते कळत होतं. इतकं साधं होतं, आणि आम्ही सगळे डोळे असून आंधळे!

ताईला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "दोऱ्याचं पण असंच छातीठोक सांगत होतास."

हे मात्र खरं होतं. म्हणून मी वाद घातला नाही. "माझं ऐकू नकोस. उद्या तू स्वतः चाल. तुझ्यापुढे पाखरू पडलं नाही, तर प्लास्टर मी माझ्या हातानं कापतो."

रविवारी हातवाले यायच्या आधीच ताई दोरीखालून आत गेली. मुख्याध्यापक भोंग्यातून "बाई! अहो बाई!" करत राहिले. ती गळ्यातली झोळी सावरत पांढऱ्या दगडाकडे निघाली आणि पाखरू धपकन तिच्यापुढे पडलं. पंख फरफटला, चिरचिर सुरू झाली. ताई क्षणभर थांबली. मग ती त्याच्यामागे चालू लागली. खडीवर तोल सांभाळायला तिनं प्लास्टरचा हात पुढे केला होता. पन्नास पावलं झाली आणि पाखरू उडालं.

मला वाटलं, झालं, उलगडलं सगळं.

"बाईंच्या हातात गुण आहे!" कुणीतरी ओरडलं.

मी कपाळावर हात मारून घेतला. माणसं दोरी वाकवून ताईकडे धावली. एक आजी आपला दुखरा खांदा ताईच्या प्लास्टरवर घासू लागल्या. मुख्याध्यापकांनी भोंगा उचलला, "धन्य! धन्य! आज आणखी एक हात…" तेवढ्यात हातवाले धावत आले. घाईत त्यांची डावी बाही वर गेली होती. "माझाच गुण आहे तो! तिच्यात उतरलाय!"

"अहो, सरा बाजूला!" ताईचा आवाज चढला. दोन मशिनांच्या खडखडाटावर बोलायची सवय असलेला आवाज तो, भोंगा त्यापुढे काहीच नाही. "हात मोडलाय माझा! यात गुण असता तर चार आठवडे मी हा गळ्यात बांधून कशाला हिंडले असते? आधी स्वतःचाच बरा केला नसता?"

आजींनी खांदा मागे घेतला.

आणि मग, आमच्यापैकी कुणीच ठरवलं नव्हतं असं झालं. पाइपांमध्ये झोपणारं एक खरजुलं कुत्रं गलका ऐकून उठलं आणि दोरीखालून हुंगत हुंगत दगडाकडे निघालं. पाखरू त्याच्यापुढे कोसळलं, पंख मोडून! कुत्रं मागे लागलं. कुंपणापर्यंत गेल्यावर पाखरू उडालं आणि कुत्रं जीभ काढून बघत राहिलं.

ताई हातवाल्यांकडे वळली. "यातही उतरला का तुमचा गुण?"

आधी खुर्चीतले आजोबा हसले, मग सगळेच. मागच्या रविवारी हेच हसू माझ्या वाट्याला आलं होतं.

मी निरोप देऊन बोलावलेल्या मोजणीवाल्या बाई कुबड्या टेकत आल्या. त्यांनी चार-चार माणसांना पुढे बोलावून अंडी दाखवली आणि मला सांगितलं होतं ते सगळं पुन्हा सांगितलं. "अंड्यांची मला कल्पनाच नव्हती," हातवाले म्हणाले. त्यावर खुर्चीतल्या आजोबांनीच विचारलं, "मग अंड्यांशेजारचा दगड रंगवला कुणी? कुत्र्यानं?"

मी कुंपणाकडे गेलो आणि तारेवरची प्लास्टरं एकेक करून काढू लागलो. वरच्या, म्हणजे पहिल्या रविवारच्या ओळीतल्या तारखा मोठ्यानं वाचल्या आणि कापलेल्या दिवसापर्यंत मोजल्या. हे साडेपाच आठवड्यांचं. हे सहाचं. हे पावणेसहाचं. "यांची हाडं जुळून आलेलीच होती," मी म्हणालो. "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली. यांना बरं केलं ते प्लास्टरनं आणि त्यांच्याच हाडांनी. पहिल्या रविवारी नेमकी हीच माणसं निवडून पुढे बोलावली, आणि ती बरी झालेली बघून बाकीचे रांगेत आले. आता खालची ओळ. हे सोळा दिवसांचं. हे एकोणीस. हे अकरा दिवसांचं. हे हात आज कुठे आहेत?"

मागून एक रंगारी पुढे आला. त्यानं उजवा हात वर केला. मनगट जेवायच्या काट्याच्या मानेसारखं वाकलेलं. "एकोणीस दिवसांचं माझं," तो म्हणाला. "ब्रश धरता येत नाही. पण मला वाटलं, माझीच श्रद्धा कमी पडली. म्हणून कुणाला बोललो नाही."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. फसवणारा हात झटकून मोकळा होतो आणि फसलेला माणूस स्वतःलाच दोष देत घरी बसतो. हातवाले केव्हा तरी मागच्या फाटकानं निघून गेले. त्यांना ते फाटक माहीत होतंच.

सगळे शहाणे झाले म्हणावं, तर तेही नाही. मुख्याध्यापक जाताना मला म्हणाले, "ते सगळं खरं, पण काहीतरी शक्ती असतेच हो." विज्ञान शिकवतात. ऐकून माझ्या जिवाचा संताप झाला. पाखरू सोंग करतं ते चार अंड्यांसाठी, जिवावर उदार होऊन. कुत्र्यानं एक झडप नीट घातली तर संपलंच. या माणसानं सोंग केलं ते तीनशे माना आपल्याकडे वळाव्यात म्हणून, आणि त्यात मनगटं मोडली दुसऱ्यांची. यात शक्ती आहे तर ती त्या पाखरात आहे, आणि तिला दोरी, भोंगा काही लागत नाही.

रंगाऱ्याचं हाड डॉक्टरांनी पुन्हा मोडून बसवलं. त्याचं प्लास्टर मीच घातलं आणि तारीख या वेळी जरा मोठी लिहिली.

ताईचं प्लास्टर मी सहा आठवड्यांनी, ठरल्या दिवशी कापलं. हात बारीक झाला होता, कातडी सुकली होती, पण मनगट सरळ. तिनं मूठ उघडली, मिटली. मग पिशवीतून सुई-दोरा काढला आणि माझ्या टेबलाशीच बसून ओवायला लागली. दोनदा चुकलं. तिसऱ्या वेळी दोरा आरपार गेला. तिनं सुई माझ्यासमोर धरली.

जाताना तिनं ते प्लास्टर मागून घेतलं. आता ते तिच्या पुढच्या खोलीत कापडाच्या फळीवर ठेवलेलं आहे, घातल्याची आणि काढल्याची अशा दोन्ही तारखांसकट. कुणी "हे काय?" म्हणून विचारलं की माप घेता घेता ती पाखराची गोष्ट सांगते. शेवटी म्हणते, "पाखरूसुद्धा खोटं बोलतं बाई. का बोलतं, ते शोधायचं आपण."

आवारात अंड्यांभोवती मोजणीवाल्या बाईंनी ती दोरी पुन्हा बांधून घेतली, पिल्लं बाहेर पडेपर्यंत. दोरी वाईट नव्हतीच. वाईट होतं ते, आत काय आहे हे विचारायची आम्हाला झालेली मनाई, आणि ती आम्ही निमूट पाळली, हे. तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. चमत्कार बघायला जरूर जा, पण दोरीच्या आत जाऊन बघा. तोच चमत्कार स्वतः करून बघा, जमलं तर कुत्र्याकडूनही करवून घ्या. पाय मात्र जपून टाका. आत कुणाची तरी अंडी असतील. आणि तुमचं प्लास्टर मी सांगेन त्या दिवशीच काढा.